रेट्रो लिव्हरी (काल्पनिक विमानसेवेची)

प्रत्यक्षात कधीच नसलेल्या विमान कंपनीच्या ताफ्यासाठी जुन्या काळची वाटेल अशी रंगयोजना, म्हणजे रेट्रो लिव्हरी, आखणे, हा फ्लाइट सिम्युलेटर आणि स्केल मॉडेलच्या शौकिनांचा आवडता उद्योग. खऱ्या कंपनीला स्वतःचे जुने फोटो समोर ठेवता येतात. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये शताब्दीनिमित्त एका बोइंग ७४७ वर आपल्या पूर्वज कंपनीचे, बीओएसीचे रंग चढवले. ‘विस्तारा’ या भारतीय विमान कंपनीने २०१८ मध्ये एका एअरबस ए३२० ला टाटा एअरलाइन्सच्या वळणाचे रूप दिले. काल्पनिक कंपनीच्या मागे काहीच नसते. तिचा इतिहास आधी रचावा लागतो, रंगांचे नंतर पाहायचे. मराठवाड्यातली कंपनी कल्पिली तर हा इतिहास बराच आडवातिडवा निघतो आणि तीच त्यातली गंमत आहे.

१९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तिथे निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज डीसी-३ विमाने उडवीत होती, म्हणून पहिल्या लिव्हरीसाठी हेच विमान घ्यावे. त्या काळी बहुतेक अंग उघड्या ॲल्युमिनियमचे असे आणि रंगाचे वजन वाचे. छत पांढरे रंगवण्यामागे कारण उन्हाचे. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर मे महिन्यात ते वेगळे पटवून द्यावे लागत नाही. खिडक्यांच्या रांगेवरून नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा पट्टा म्हणजे चीटलाइन. कॉकपिटच्या काचेपुढे चकाकी टाळण्यासाठी काळा भाग आणि इंजिनामागे धुराची काजळी हवीच. काजळी नसलेला डीसी-३ खेळण्यातला दिसतो.

या काळातल्या कंपनीचे नाव उर्दू आणि इंग्रजीत लिहिणे शोभते. विमानाच्या उजव्या बाजूकडे पाहताना नाक पाहणाऱ्याच्या उजवीकडे येते, त्यामुळे तिथे उर्दू नाकाकडून सुरू होऊन शेपटीकडे जाते. डाव्या बाजूला इंग्रजी तसेच जाते. दोन्ही नावे नाकापाशी सुरू होतात आणि चीटलाइनच्या वेगाशी जुळतात. देवनागरी पुढच्या काळासाठी राखावी. तिथे शिरोरेषाच लांबवून पट्टा करता येतो. ही युक्ती पुष्कळांना सुचते; पण रेषा अक्षरांच्या मानाने फार जाड झाली की नाव वाचताच येत नाही.

खरी अडचण १९५३ ची. त्या वर्षी राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. वेळापत्रकानुसार उडणाऱ्या खासगी कंपन्यांची वाट १९९० च्या दशकापर्यंत बंद राहिली. म्हणजे ज्या नारिंगी-तपकिरी, १९७० च्या दशकातल्या पट्ट्यांसाठी बहुतेक जण या छंदात येतात, ते पट्टे मराठवाड्याच्या खासगी प्रवासी कंपनीला कायद्यानेच मिळत नाहीत. यातून पळवाटा निघतात: कंपनी चार्टर आणि मालवाहतुकीवर तगली असे मानणे, किंवा ती सरकारी ठरवणे. १९८१ मध्ये छोट्या शहरांसाठी निघालेली वायुदूत सरकारीच होती. पहिली वाट अधिक चांगली, कारण तिच्यात जुने डीसी-३ आणि कानपुरात बांधलेले ॲव्रो ७४८ फारसा खर्च न करता, पट्टा तेवढा बदलून वापरात ठेवता येतात.

चिन्हांच्या बाबतीत काळाचे भान सुटते ते हमखास पैठणीपाशी. शेपटीवर मोर आणि पट्ट्याला नारळी काठ काढलेला दिसतो, पण मास्किंग टेप आणि स्टेन्सिल वापरून रंगवणाऱ्या हँगरमध्ये इतके बारीक काम कोणी करत नसे. एअर इंडियाच्या बोइंग ७४७ वर १९७१ पासून खिडक्यांभोवती झरोके आले खरे, पण ती एकाच सोप्या आकाराची पुनरावृत्ती होती. त्यापेक्षा अजिंठ्यातले गेरू, पिवळी माती आणि काजळाचा काळा घेऊन सपाट रंगांचे पट्टे करावेत. रोहित पक्षी मोहक असला तरी जायकवाडीच्या पाण्याशी त्याचे नाते जोडायचे तर लिव्हरी १९७६ नंतरची हवी, कारण धरण तेव्हा पूर्ण झाले. गावांची नावेही तपासावीत. जुन्या विमानावर ‘औरंगाबाद’च हवे, छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ मधले.

हीच जुनी योजना आजच्या एटीआर ७२ वर उतरवताना रेखाटन बदलावे लागते. डीसी-३ जमिनीवर शेपूट टेकून उभा राहतो, त्याची शेपटी गोलसर आणि ठेंगणी. एटीआरचे पंख वर, शेपटी उंच आणि चाकांचे फुगवटे पोटाच्या दोन्ही बाजूंना. चीटलाइन त्या फुगवट्यांच्या वरूनच न्यावी. नोंदणीची ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे मात्र रेट्रोच्या हौसेत लहान करता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती अंगावर किमान ३० आणि पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर उंच असतात. १:१४४ च्या मॉडेलवर अंगावरचे अक्षर जेमतेम दोन मिलिमीटरचे होते, म्हणून ते हाताने न रंगवता डेकलने, म्हणजे छापील चिकटचित्राने, लावतात.