विमानाचा धूर कुणाच्या खात्यावर?

उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून उभारलेला नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला प्रवाशांसाठी खुला झाला. तिथल्या सौरऊर्जेची चर्चा बरीच होते. पण विमानप्रवासाचा बहुतेक कार्बन टर्मिनलमधून नव्हे, विमानाच्या टाकीतून येतो. ती टाकी कुणाच्या हिशेबात धरायची, हा घोळ जुना आहे.

1944 च्या शिकागो कराराने परदेशी विमानात आधीपासून असलेल्या इंधनाला करमाफी दिली. पुढे देशादेशांतल्या करारांनी ही सूट नव्याने भरलेल्या इंधनालाही मिळत गेली. 1997 च्या क्योटो करारातही आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं उत्सर्जन कुठल्याच देशाच्या उद्दिष्टात आलं नाही. ते काम आयकाओ या नागरी विमान वाहतुकीच्या जागतिक संघटनेकडे गेलं. तिची ‘कॉर्सिया’ योजना ठरायला 2016 उजाडलं. तीही फक्त 2019 च्या पातळीच्या 85 टक्क्यांवरची वाढ, तीही इतरत्र होणाऱ्या कार्बन कपातीला पैसे देऊन, भरून काढायला सांगते. भारताला ती 2027 पासून लागू होईल.

देशांतर्गत उड्डाणं मात्र आपल्याच खात्यात मोडतात, आणि ती झपाट्याने वाढली. विमान कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा 1953 चा कायदा 1994 मध्ये रद्द झाला, 2003 मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटं आणली. 2023 च्या अर्थसंकल्पात राज्याने मुंबई-पुण्यासोबत रायगडातही विमान इंधनावरचा व्हॅट 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. नवा विमानतळ रायगडातच येतो.

हिशेब अवघड नाही. एक किलो इंधन जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मुंबईहून दिल्लीच्या एका बाजूच्या फेरीला साडेचार टन इंधन लागलं आणि विमानात 150 जण असले, तर माणशी 95 किलो. लंडनला जाऊन-येऊन इकॉनॉमीत साधारण एक टन होतो, म्हणजे सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या उत्सर्जनाच्या निम्मा. बिझनेस क्लासची खुर्ची जास्त जागा अडवते, म्हणून तिच्या वाट्याला जवळपास तिप्पट येतो.

प्रवासाचं उत्सर्जन मोजणाऱ्या वेगवेगळ्या कॅल्क्युलेटरचे आकडे जुळत नाहीत, त्याचं मोठं कारण विमानामागची पांढरी रेघ. उंचावरच्या अतिथंड, दमट हवेत इंजिनातली वाफ काजळीच्या कणांवर गोठते. हे बर्फाचे ढग टिकले की उष्णता अडवतात. 2018 पर्यंतच्या उड्डाणांमुळे झालेल्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा जेमतेम एक तृतीयांश निघाला. काही कॅल्क्युलेटर हा जादा परिणाम गुणून घेतात, काही सोडून देतात. दोन आकडे ताडून पाहण्याआधी हे तपासा, आणि आकडा एका फेरीचा की जाऊन-येऊन, तेही पाहा.

छोट्या पल्ल्याला किलोमीटरमागे इंधन जास्त जातं, कारण उड्डाण आणि चढाईचा खर्च थोड्याच अंतरावर वाटला जातो. गोव्याचं विमान त्यातलंच. ठाणे किंवा पनवेलहून मडगावची गाडी पकडली, तर 2022 पासून कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग विजेवर आहे.