खोकं कापा, चेकची वाट बघा: अमेरिकेतल्या मेल-इन रिबेटची पार्श्वभूमी

२००० सालच्या आगेमागे अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या नोकरीला गेलेल्या कुणालाही विचारा, प्रिंटरचं खोकं कापल्याची आठवण निघेलच. मेल-इन रिबेट म्हणजे दुकानात पूर्ण किंमत मोजायची आणि सुटीचे पैसे नंतर टपालानं मागवायचे. खोक्यावरचा बारकोड कात्रीनं काढायचा, मूळ पावती आणि भरलेला फॉर्म त्याच्यासोबत पाकिटात घालायचा आणि दिलेल्या तारखेच्या आत टपालात टाकायचा. सहा ते आठ आठवड्यांनी चेक येणार, असं निदान छापलेलं तरी असे. पुठ्ठा जाड, घरातली कात्री बोथट. आणि खोक्याला एकदा भोक पडलं की वस्तू परत करणं मुश्कील, हे नेमकं कापून झाल्यावर आठवायचं.

ही युक्ती संगणकवाल्यांची नव्हे. तिला घरोघरी नेलं मोटारींनी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर गाड्या खपेनात. तेव्हा जानेवारी १९७५ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात क्रायस्लरची जाहिरात झळकली: गाडी घ्या, चेक मिळवा. रक्कम दोनशे ते चारशे डॉलर. फोर्ड आणि जनरल मोटर्सनाही मागोमाग यावं लागलं.

सरळ किंमतच का नाही उतरवायची? एकदा उतरवलेली किंमत पुन्हा चढवताना गिऱ्हाईक कुरकुरतं. दुकानदाराला सूट दिली तर ती तो पुढे देईलच असं नाही. त्यातून संगणकाच्या धंद्यात भाव पाडला की दुकानात पडून असलेल्या मालाचा फरक बरेचदा कंपनीलाच भरून द्यावा लागे. रिबेटमध्ये यातली कुठलीच कटकट नाही. पण खरा फायदा वेगळाच होता. जाहिरातीतला आकडा बघून वस्तू घेणारे पुष्कळ, फॉर्म भरणारे त्यातले थोडे. न मागितलेल्या पैशाला या धंद्यात ‘ब्रेकेज’ म्हणतात, आणि चेक येऊनही न वटवलेल्या पैशाला ‘स्लिपेज’. विसरभोळेपणाला इतकी व्यवस्थित नावं दुसऱ्या कुठल्या धंद्यानं दिली असतील असं वाटत नाही.

पाकिटावरचा पत्ता दुकानाचा नसायचाच. तो असायचा टेक्सासमधल्या एल पासोचा, नाहीतर मिनेसोटातल्या यंग अमेरिका नावाच्या छोट्या गावाचा. तिथे गावाच्याच नावाची कंपनी रिबेटची पाकिटं फोडायचं काम करायची. माझा एक फॉर्म ‘मूळ बारकोड नाही’ म्हणून नामंजूर झाला. दुकानाची रिबेट वेगळी, उत्पादकाची वेगळी, आणि दोघांनाही बारकोड मूळच हवा. खोकं एक, बारकोड एक. फोनवरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, कॉपी चालत नाही. आलाच चेक तर तो पोस्टकार्डासारखा, जाहिरातींच्या रद्दीत बेमालूम मिसळणारा, आणि बहुधा नव्वद दिवसांत बाद होणारा. विक्रीकर मात्र बहुतेक राज्यांत पूर्ण किमतीवर आधीच कापलेला.

विसरण्यावर बांधलेला हिशेब सायबररिबेट डॉट कॉम या ऑनलाइन दुकानावर उलटला. वस्तू बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला विकायची आणि अनेकदा ती सगळी रक्कम रिबेटनं परत द्यायची, असा त्यांचा खेळ. दहा डॉलर कुणीही विसरेल, पण शंभराच्या वस्तूला मोजलेले पाचशे कोण विसरतो? मे २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि हजारो गिऱ्हाइकांचे कोट्यवधी डॉलर लटकले.

पुढचं प्रकरण जास्त बोलकं. क्यूपीएस ही संगणकाची उपकरणं बनवणारी कंपनी रिबेटचे पैसे देत नव्हती, आणि हे ठाऊक असूनही कॉम्पयूएसए ही संगणकाच्या दुकानांची साखळी तिच्या रिबेटच्या जाहिराती करत राहिली, असा फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा आरोप होता. क्यूपीएस बुडाली, मार्च २००५ मधल्या समझोत्यात ते पैसे गिऱ्हाइकांना द्यायचं कॉम्पयूएसएनं मान्य केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानसाखळीनं दोन वर्षांत मेल-इन रिबेट बंद करतो असं सांगितलं, २००६ मध्ये ऑफिसच्या सामानाची दुकानं चालवणाऱ्या ऑफिसमॅक्सनंही. लोकांचा सगळ्यात जास्त राग रिबेटवरच आहे हे एव्हाना दुकानांना कळलं होतं. कनेक्टिकट राज्यात तर रिबेट वजा केलेला भाव जाहिरातीत अंतिम किंमत म्हणून दाखवायचा, तर दुकानानं ती सूट काउंटरवरच द्यावी असा नियम आहे.

रिबेट संपली मात्र नाही. मेनार्ड्स या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांची अकरा टक्क्यांची रिबेट अजून चालते. परत मिळतं ते त्यांच्याच दुकानात वापरायचं क्रेडिट. कॉन्टॅक्ट लेन्सवाले चेकऐवजी बरेचदा प्रीपेड कार्ड पाठवतात. तसलं एक माझ्या पाकिटात आहे, एक डॉलर सदतीस सेंट शिल्लक असलेलं, मुदत केव्हाच उलटलेलं.