धूर नाही, निकोटीन आहेच

खाण्याची तंबाखू म्हटलं की आपल्याला तोंडाचा कॅन्सर आठवतो आणि हृदयविकार म्हटलं की सिगारेट. ही वाटणी इतकी पक्की बसली, की गालात धरलेल्या तंबाखूच्या बाराचा हृदयाशी संबंध तपासायलाच विसावं शतक संपत आलं. निकोटीन चेतासंस्थेत काय करतं, हे मात्र त्याआधी शंभर वर्षं ठाऊक होतं.

1828 मध्ये हायडेलबर्गला पोसेल्ट आणि रायमान यांनी तंबाखूतून निकोटीन वेगळं काढलं. 1889 मध्ये केंब्रिजच्या लँग्ली आणि डिकिन्सन यांनी प्राण्याच्या मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीवर ब्रशने निकोटीन लावलं. गाठीच्या अलीकडच्या तंतूला विजेने चेतवलं तर डोळ्याची बाहुली ढिम्म. पलीकडच्या तंतूला चेतवलं की ती लगेच मोठी व्हायची. तंतू शाबूत होते, निकोटीनने अडवला होता तो गाठीतला निरोप.

तिथे मात्रा जबर होती. तंबाखू खाणाऱ्याच्या अंगात जाणारी मात्रा मज्जातंतूंचे हेच जोड उलट चेतवते. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. मेंदूत डोपामिन स्रवतं आणि तलफ लागते. नवख्याला गरगरतं, मळमळतं, तेही यामुळेच.

आता चुना. तो नुसता चवीपुरता नाही. अल्कलीमुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातून सहज रक्तात शिरतं. सिगारेटचं निकोटीन झटकन चढतं, झटकन उतरतं; बाराचं सावकाश चढतं आणि बार थुंकल्यावरही बराच वेळ रेंगाळतं.

1994 मध्ये स्वीडनच्या बांधकाम कामगारांच्या पाहणीत, धूम्रपान न करता तंबाखू वापरणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे 1.4 पट आढळलं. पुढच्या स्वीडिश अभ्यासांत मात्र पहिल्या झटक्याचा धोका वाढलेला दिसला नाही. त्यामुळे तिथला स्नूस, म्हणजे ओठाखाली धरायची ओलसर तंबाखू, आणि आपला गुटखा एका तागडीत तोलू नयेत. 2006 मध्ये 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाने नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त दाखवली.

महाराष्ट्रात हा प्रश्न किरकोळ नाही. 2016-17 च्या पाहणीनुसार राज्यात 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, ओढणारे 3.8 टक्के. दात घासायच्या निमित्ताने सुरू होणारी मशेरीही यातच आली. 2012 ची गुटखाबंदी अन्नसुरक्षा कायद्याखालची; पानमसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन तोंडातच गुटखा जमवण्याची पळवाट लोकांनी लगेच शोधली.