पाणी काढून विकलेलं जेवण आणि आमची कडक भाकरी

भाचा डिसेंबरात उत्तराखंडात केदारकांठाच्या ट्रेकला जाणार म्हणून त्याने ऑनलाइन दोन पाकिटं मागवली, फ्रीज-ड्राइड म्हणजे गोठवून वाळवलेला राजमा-भात, आणि दाखवायला आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या घरी घेऊन आला. आईने एक हातात घेतलं, कानाजवळ नेऊन हलवलं आणि म्हणाली, "काय रे हे, चुरमुऱ्यागत वाजतंय. ह्याला दोनशे वीस रुपये? त्यापरीस कडक भाकरी ने की, शेंगाचटणी बांधून देतो." (बाहेरच्यांसाठी: आमच्या भागात बायका पण "देतो"च म्हणतात, टायपो नाही.)

भाचा माझ्याकडे बघायला लागला, "मामा, तुम्हीच सांगा की." मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाकीट ठेवलं, ९० ग्रॅम. मागे लिहिलेलं, ३५० मिली उकळतं पाणी घाला आणि दहा मिनिटं थांबा. म्हणजे ४४० ग्रॅम जेवणातलं ३५० ग्रॅम आपणच घालायचं. कारखान्याने पाणी काढून घेतलं आणि त्या काढण्याचेच पैसे लावले, असं आईचं म्हणणं, आणि ते तसं अगदीच चूक नाही.

पण हे पाणी काढणं साधं नाही. उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचे काप वाळत घालतो तेव्हा ते आकसतात, वाकडे होतात, कडक होतात. कारण आतलं पाणी द्रवरूपात बाहेर येतं आणि जाता जाता पेशींच्या भिंती एकमेकींकडे ओढून घेतं, शिवाय विरघळलेली साखर आणि मीठ पृष्ठभागावर आणून सोडतं. आतले रस्ते बंद. म्हणून तर असे काप परत भिजायला वेळ लागतो.

फ्रीज-ड्रायिंगमध्ये पाण्याला द्रव व्हायची संधीच देत नाहीत. शिजवलेलं जेवण आधी उणे ४० अंशांच्या आसपास गोठवायचं, मग बंद पेटीतली हवा पंपाने खेचून घ्यायची. आपल्या बेळगावात हवेचा दाब साधारण ९२५ मिलिबार असतो, तो त्या पेटीत ६ मिलिबारच्या पण बराच खाली आणतात. ६ च्या खाली पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही, एकतर बर्फ नाहीतर वाफ. मग हळूहळू उष्णता दिली की बर्फाची सरळ वाफ होते, देवघरातला कापूर डबीत न वितळताच उडून जातो ना, तसंच. बर्फाचा कण जिथे होता तिथे भोक राहतं, पदार्थाचा आकार जिथल्या तिथे, आणि खायच्या वेळी पाणी ओतलं की ते त्याच भोकांतून स्पंजसारखं आत शिरतं.

महाग का, तेही इथेच आलं. एक किलो बर्फाची वाफ करायला साधारण २८०० किलोज्यूल लागतात, आणि घाई केली तर बर्फ वितळतो, सगळं मुसळ केरात. निघालेली वाफ पकडायला आणखी थंड नळ्या लागतात. पंप चालू, फ्रीज चालू, हीटर चालू, आणि एक घाणा निघायला वीस-तीस तास सहज. कुरडईला चैत्रातलं ऊन फुकट मिळतं.

ही गोष्ट तुम्ही बघितलेली आहे बरं का. बाळाला टोचायची बीसीजी लस बाटलीत पावडर असते आणि नर्सबाई त्यात द्रव घालून हलवतात, ती पावडर फ्रीज-ड्राय केलेली, आणि आतले जंतू जिवंत असतात. यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची, की ही पद्धत जंतू मारत नाही, उलट सांभाळून ठेवते, प्रयोगशाळांत जंतू वर्षानुवर्षं असेच ठेवतात. म्हणून पाकिटात पाणी घातलं की लगेच खायचं, अर्धं सकाळसाठी ठेवायचं नाही.

जेवणाकडे हे तंत्र नेलं ते मुख्यतः सैन्याने. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांना लांबच्या गस्तीवर डबाबंद जेवण जड व्हायचं म्हणून फ्रीज-ड्राइड रेशन निघालं, पुढे तेच ट्रेकरच्या सॅकमध्ये आलं. आपल्याकडे असल्या जेवणावर म्हैसूरला डीएफआरएल ह्या १९६१ ला सुरू झालेल्या, डीआरडीओच्या म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत काम झालं, १९८४ ला राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासाठी भारतीय पदार्थ तिथेच तयार झाले होते.

आता खरेदीचं. राजहंसगडावर किंवा चंदगडकडच्या किल्ल्यांवर मार्च-एप्रिलमध्ये जाताय, पाणी खालून उचलून न्यायचंय, तर हे पाकीट घेऊन काय फायदा? ९० ग्रॅमचं पाकीट आणि वर ३५० मिली पाणी पाठीवर, म्हणजे घरचा डबाच झाला की, शिवाय स्टोव्ह वेगळा. कणकुंबीकडे पावसाळ्यानंतर जाल तर वाटेत पाणी भेटतं, मलप्रभाच तिथं उगम पावते, पण एका दिवसाच्या फिरतीला पाकीट कशाला, चपाती-भाजी न्या.

आणि वजनाचं म्हणाल तर मला स्वतःलाच गंमत वाटली. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३५० कॅलरी, शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर. कडक भाकरीतलं पाणी तव्यावर आणि मंद आचेवरच गेलेलं असतं. म्हणजे ९० ग्रॅम भाकरी आणि ३० ग्रॅम शेंगाचटणी मिळून १२० ग्रॅममध्ये पावणेपाचशे कॅलरी होतात, त्या ९० ग्रॅमच्या पाकिटात ३८० लिहिलेल्या, म्हणजे ग्रॅममागे जवळपास सारखंच. आणि भाकरीला उकळतं पाणी लागत नाही, स्टोव्ह लागत नाही, नीट ठेवली तर महिनाभर काही होत नाही. आईला हे सांगितलं नाही, नाहीतर वर्षभर ऐकावं लागलं असतं.

कोरडा तांदूळ पण तेवढाच हलका आहे की. मग पाकीट जिंकतं कुठे? उंचीवर. पाणी उकळायचं तापमान दर ३०० मीटरला साधारण १ अंशाने उतरतं, बेळगावात ते साडेसत्त्याण्णव, ४००० मीटरवर ८७ च्या आत. तिथे कुकरशिवाय राजमा शिजवत बसाल तर गॅस संपेल, राजमा शिजणार नाही. पाकिटातला राजमा आधीच शिजलेला, त्याला फक्त भिजायचंय. ३५०-४०० मिली पाणी उकळायला पाच-सहा ग्रॅम गॅस पुरतो, बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर त्याच्या दुप्पट धरा. झऱ्याचं नाहीतर बर्फाचं पाणी तिथेच, चार-पाच दिवसांचं जेवण स्वतःच्या पाठीवर, आचारी नाही, तर दोनशे वीस रुपये मला जास्त वाटत नाहीत.

तरी भातासाठी ते देऊ नयेत असं माझं मत, कारण पोहे काय आहेत, भिजवून भाजून चपटे केलेले तयार दाणेच, पाणी मारलं की झाले. फ्रीज-ड्रायिंगचं खरं कसब भाजी, मश्रूम, चिकन, आंबा असल्या पाणीदार गोष्टींत दिसतं, ज्यांच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तसे सुटे वाटाणे किंवा चिकन मिळालं तर ते घ्या आणि घरच्या पोह्यांत, उपम्याच्या भाजलेल्या रव्यात टाका.

घेताना एक बघा. "रेडी टू ईट" लिहिलेलं सगळं फ्रीज-ड्राइड नसतं. पाकीट मऊ, जड, आत रस्सा हलतोय असं लागलं तर ते दाबाखाली वाफवून टिकवलेलं ओलं जेवण, तीनशे ग्रॅममध्ये बहुतेक पाणीच, घरी चालेल, डोंगरावर नको. मीठ किती ते पण वाचा. आणि जुलैत जांबोटीच्या पावसात पाकीट फोडून ठेवलं तर गेलंच म्हणून समजा, त्या भोकांतून हवेतली ओल शिरते आणि चुरमुरे सादळतात तसं सादळतं, त्याहून लवकरच.

एक पाकीट आम्ही घरीच करून बघितलं. भाच्याने गीझरचं पाणी ओतलं, उकळायचा कंटाळा, आणि राजमा मधोमध खडूसारखा राहिला. दुसऱ्यांदा पाणी उकळून ओतलं असतं तर बरं झालं असतं, पण दुसरं पाकीट ट्रेकला न्यायचं होतं. ते सॅकमध्ये गेलं, त्याच्या खाली आईच्या आठ भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

ट्रेक कंपनीचा आचारी रोज गरम डाळ-भात वाढत होता म्हणे. भाकऱ्यांचा पहिल्याच दिवशी चुरा झाला, तो सगळ्यांनी डाळीत कालवून संपवला. पाकीट तसंच परत आलंय, आईने ते चुरमुऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलंय.