घरगुती फळवाइन (गोवा)

फळाचा रस किंवा गर, साखर आणि पाणी यांचे मिश्रण यीस्टने आंबवून घरी केलेले मद्य म्हणजे घरगुती फळवाइन. तिच्यात मद्यार्क साधारणपणे १० ते १३ टक्के असतो. हुर्राक आणि फेणी ही गोव्याची मद्ये भट्टीवर गाळतात, म्हणजे उकळून त्यांची वाफ थंड करतात. वाइन तशी गाळत नाहीत. आंबवून ती निवळू दिली की झाले. गोव्यात नाताळच्या फराळाबरोबर ती अनेक घरांत दिली जाते. जांभूळ, अननस, काजूचे बोंडू आणि भिरंड (कोकम) ही तिची इथली फळे. द्राक्षे बाहेरून येतात.

गोव्याच्या हवेत आंबवण लवकर होते. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आठ-दहा दिवसांत साखर संपते. पण त्याच उष्णतेने वाइनचा शिरकाही (व्हिनेगर) तितक्याच लवकर होतो. म्हणून घाई फळ निवडून मिश्रण लावण्यात करावी. पुढचे काम थंडपणा, स्वच्छता आणि हवाबंदपणा सांभाळण्याचे आहे.

जांभळाची वाइन नवख्यासाठी सर्वांत सोपी. रंग, आंबटपणा आणि तुरटपणा फळातच असल्याने वरून फारसे काही घालावे लागत नाही. मे-जूनमध्ये लावली तर नाताळपर्यंत ती मुरतेही. सुमारे ५ लिटर वाइनसाठी २ किलो पिकलेली जांभळे, १ किलो साखर आणि साडेतीन लिटर पाणी घ्यावे. फुटलेली, बुरशी आलेली फळे काढून टाकावीत. बाकीची धुऊन हातानेच कुस्करावीत. मिक्सरमध्ये बी फुटते आणि कडवटपणा उतरतो. पाणी उकळून त्यात साखर विरघळवावी आणि पूर्ण निवल्यावर गरावर ओतावी. उकळते पाणी ओतले तर फळातले पेक्टिन (चिकट द्रव्य) सुटते आणि वाइन गढूळ राहते. भांडे ८ लिटरचे, काचेचे, स्टीलचे किंवा खाद्यदर्जाच्या प्लास्टिकचे असावे. लोखंड, तांबे आणि ॲल्युमिनियम आंबट रसात उतरते. चिनी मातीची बरणी चालते, मात्र तिची झिलई तडकलेली नसावी.

रानटी जंतू दबावेत म्हणून अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (पुढे नुसते सल्फाइट) घालून भांडे कापडाने झाकावे आणि २४ तास थांबावे. यीस्ट लगेच घातले तर तेही दबू शकते. दम्याच्या रुग्णांना सल्फाइट त्रासदायक ठरू शकते, तेव्हा पाहुण्यांना तसे सांगावे. मग ५ ग्रॅम वाइन यीस्ट कोमट पाण्यात १५ मिनिटे भिजवून घालावे. बेकरीचे कोरडे यीस्ट अर्धा चमचा घातले तरी काम होते, पण पावाचा वास राहतो आणि गाळ सैल बसतो. काही घरांत गहू घालतात. यीस्टला गव्हातला स्टार्च पचत नाही, त्यामुळे वाइन गढूळ होते. तो न घातलेलाच बरा.

साले वर येऊन थर धरतात. हा थर रोज दोनदा उकळत्या पाण्याने धुतलेल्या पळीने खाली दाबावा. कोरडा राहिलेला थर बुरशी धरतो. पाचव्या-सहाव्या दिवशी स्वच्छ पंचातून गाळावे. चोथा पिळू नये. रस अरुंद तोंडाच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून एअरलॉक, म्हणजे आतला वायू सोडणारी पण बाहेरची हवा अडवणारी झडप, लावावा. एअरलॉक नसेल तर टोचलेला फुगा बसवावा. बाटली पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओला पंचा गुंडाळला की दोन-चार अंशांचा फरक पडतो. ३२ अंशांवर गेलेल्या वाइनला थिनरसारखा उग्र वास येतो आणि तो मुरवूनही पूर्ण जात नाही.

हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजणारे साधन, सुरुवातीला १.०८० ते १.०९० दाखवतो. तो १.००० च्या खाली उतरून तीन दिवस तिथेच राहिला की आंबवण संपले. बुडबुडे थांबले एवढ्यावर विसंबू नये. मग नळीने गाळावरून वाइन ओढून घ्यावी आणि महिनाभराने पुन्हा एकदा ओढावी. २१ दिवसांत बाटली उघडण्याची रीत अनेक घरांत आहे. अशी वाइन पिता येते, पण ती यीस्टाळ लागते. दोन-तीन महिने दिल्यास तुरटपणा मवाळ होतो.

काजूच्या बोंडूला वेगळी वागणूक लागते. त्याचा रस, म्हणजे नीरो, काढल्यापासून काही तासांत आपोआप आंबू लागतो. म्हणून सल्फाइट लगेच घालावे. घशाला चरचरणारे टॅनिन काढायला लिटरमागे ५ ग्रॅम साबुदाणा शिजवून, निववून रसात मिसळावा. बारा तासांनी वरचा निवळ रस ओढून घ्यावा. या रसाला साखर कमी लागते. अननसाचे साल काढून टाकावे. भिरंड फारच आंबट असल्याने जांभळाच्या निम्मे घ्यावे, नाहीतर यीस्ट अडखळते.

सर्वांत जास्त वाइन बिघडते ती शिरक्यामुळे. ॲसिटोबॅक्टर जंतूंना हवा लागते आणि चिलटे त्यांना भांड्यात आणतात. माडाच्या सुरेचा शिरका ज्या स्वयंपाकघरात असतो, तिथे वाइन करू नये, निदान पळ्या-गाळण्या तरी वेगळ्या ठेवाव्यात. एकदा आंबूस झालेली वाइन परत येत नाही. ती शिरका म्हणूनच वापरावी. सडक्या अंड्याचा वास यीस्टला पोषण कमी पडल्याचा असतो. ५ लिटरला २ ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट सुरुवातीला घातले तर तो टळतो. मनुकांनी पोषण फारसे मिळत नाही. गोड वाइन हवी असेल तर आंबवण संपून निवळल्यावरच लिटरमागे ०.२ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट आणि सल्फाइट दोन्ही घालून मग साखर घालावी. एरवी बंद बाटलीत आंबवण पुन्हा सुरू होते आणि काच फुटून इजा होते.

आंबवणात तयार होणारे मिथेनॉल अत्यल्प असते, पण भट्टीवर गाळताना पहिल्या धारेत त्याचे प्रमाण वाढू शकते. घरी गाळण्याचा प्रयत्न करू नये. गोव्यात मद्य गाळायला आणि विक्रीसाठी करायला अबकारी खात्याचा परवाना लागतो. त्याला १९६४ चा अबकारी कायदा लागू आहे.