पटकी, आसाम आणि फाज: एका विसरलेल्या उपचाराची पार्श्वभूमी

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा विषय निघाला की हल्ली बॅक्टेरिओफाज, म्हणजे थोडक्यात 'फाज', हे नाव हमखास येते. जिवाणूत शिरून, तिथेच आपली संख्या वाढवून शेवटी त्याला फोडणारे हे विषाणू. त्यांच्याकडे नवा उपाय म्हणून पाहिले जाते, पण त्यांचा वापर पेनिसिलिनपेक्षाही जुना आहे आणि त्यातला मोठा अध्याय भारतात घडला.

१८९६ मध्ये आग्र्यातील अर्नेस्ट हँकिन यांनी नोंदवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात, मात्र पाणी उकळले की तो गुण जातो. याचे श्रेय पुढे फाजला दिले गेले. हँकिन यांच्या प्रयोगांतून तेवढे सिद्ध होत नाही. फाजची निःसंदिग्ध कहाणी सुरू होते ती १९१५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांच्यापासून आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या फेलिक्स द'एरेल यांच्यापासून. द'एरेल यांनी त्याला नाव दिले. १९१९ मध्ये हगवणीच्या बालरुग्णाला फाज देण्याआधी त्यांनी ते स्वतः पिऊन पाहिले.

१९२७ मध्ये द'एरेल पटकीवर काम करण्यासाठी पंजाबात आले. रुग्णांना फाज पाजले, विहिरींतही ओतले. त्यानंतर आसामात डॉ. मॉरिसन यांनी नौगाव भागात गावोगावी फाज वाटले आणि हबीगंज भाग फाज न वाटता तुलनेसाठी ठेवला. फाज वाटलेल्या भागात पटकीचे मृत्यू घटल्याचे अहवाल आले. पण साथ आपोआपही ओसरते, आणि दोन प्रदेश कधीच सारखे नसतात. हा आक्षेप रास्तच होता. तरीही एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग जवळजवळ विस्मरणात जावा, याची खंत वाटते.

उपचार मागे पडला त्याची कारणे मुख्यतः औषध तयार करण्यातली होती. एक फाज ठरावीक जिवाणूंवरच चालतो. बाजारातल्या कुपीत रुग्णाच्या जिवाणूला लागू पडणारा फाज असेलच असे नव्हते, आणि कित्येकदा तो जिवंतही नसे. फाज हा विषाणू आहे की नाही यावरच वाद होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रे १९४० च्या सुमारास आली. तोवर पेनिसिलिन दारात होते. जॉर्जियातील तिब्लिसीत मात्र १९२३ मध्ये ग्योर्गी एलियाव्हा यांनी स्थापलेली संस्था हे काम करत राहिली. स्वतः एलियाव्हांना १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने ठार मारले.

२०१६ मध्ये सॅन डिएगोत, कोणतेच औषध लागू न पडलेल्या एका प्राध्यापकाचा जीव फाजने वाचला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष पुन्हा इकडे वळले. पण एक रुग्ण बरा होणे म्हणजे पुरावा नव्हे. भाजलेल्या रुग्णांवर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये झालेली 'फागोबर्न' ही चाचणी अर्धवट थांबवावी लागली. साठवणीत फाजची संख्या घटली होती, त्यामुळे रुग्णांना ठरल्यापेक्षा फारच कमी मात्रा मिळाली. कुपीतला फाज जिवंत नसण्याची जुनी अडचण इथेही आडवी आली. बेल्जियमने वेगळी वाट धरली आहे: तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्या-त्या रुग्णाच्या जिवाणूसाठी तपासलेल्या फाजचे औषध औषधनिर्माते तयार करून देऊ शकतात.