निधीअभावी सरकारी बिल थकले? सूक्ष्म व लघु पुरवठादारांसाठी अर्जाची माहिती

निवडणुकीच्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्प लांबतो आणि कारभार लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांपुरत्या मंजूर खर्चावर चालतो. 2024मध्ये महाराष्ट्राचा पूर्ण अर्थसंकल्प 28 जूनला मांडला गेला. अशा काळात खात्यांना निधी तुकड्यातुकड्याने मिळतो आणि बीम्स या राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी वितरित झाल्याशिवाय कोषागारात बिल लागत नाही. सर्वांत वाईट अवस्था मार्चअखेरच्या आदेशांची होते. माल एप्रिलमध्ये पोहोचतो, तोवर जुन्या वर्षाचा मंजूर निधी 31 मार्चला व्यपगत, म्हणजे रद्द झालेला असतो. कार्यालयाची अडचण खरी असते, पण कायद्यात ‘निधी नाही’ अशी सवलत नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) अधिनियम, 2006च्या कलम 15 नुसार, करारात काहीही लिहिले तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात. मुदत ठरलेलीच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने.

हा हक्क उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची उद्योग नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा आहे. मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी त्यात येत नाहीत. नोंदणी पुरवठा आदेशाच्या आधीची असावी, नंतरची असेल तर वाद होतो. कार्यकंत्राटांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल प्रतिकूल आहेत, त्यामुळे बांधकाम ठेकेदारांनी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

थकलेल्या पैशांसाठी सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे अर्ज करायचा. त्याला उद्यम प्रमाणपत्र, पुरवठा आदेश, बीजक, स्मरणपत्रे आणि महिनावार व्याजाचा तक्ता जोडा. प्रकरण उभे राहते ते मात्र डिलिव्हरी चलानावर. त्यावर भांडारपालाची सही, शिक्का आणि तारीख तिन्ही हवीत. नुसती सही असली की दिवस कधीपासून मोजायचे यावरच महिने जातात. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोहोचल्याची तारीखच स्वीकृतीची मानली जाते. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या खरेदीत पावती व स्वीकृतीचे प्रमाणपत्र उतरवून ठेवा.

अर्ज ऑनलाइन भरायचा. 2017च्या समाधान पोर्टलनंतर 2025मध्ये ओडीआर (ऑनलाइन वाद निवारण) पोर्टल आले आहे. नवे अर्ज कुठे घेतले जातात ते उद्योग सहसंचालक कार्यालयात विचारून घ्या. सुविधा परिषद पुरवठादाराच्या ठिकाणाची असते, खरेदीदाराच्या नव्हे. आधी समेट, तो फसला तर लवाद. कायद्याने 90 दिवस सांगितले असले तरी प्रत्यक्षात जास्त लागतात. निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदार कार्यालयाला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.